चालण्याच्या अंतरावरचे बिऱ्हाड

इगतपुरीत भाड्याच्या घराची चौकशी सुरू झाली की तीन गोष्टी आधी कळतात: घर वन आरके आहे की वन बीएचके, भाडे किती आणि डिपॉझिट किती. स्टेशन, बाजार, शाळा आणि दवाखाना घरापासून किती पावलांवर आहेत, ही चौथी गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारलीच तर ‘जवळच आहे, गाडीवर पाच मिनिटं’ हे उत्तर ठरलेले. वास्तविक एका बेडरूमच्या घराचे भाडे बऱ्याच अंशी या चौथ्या गोष्टीचेच असते. साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत हॉल, झोपायची खोली, ओटा आणि न्हाणीघर बसवले की जागा संपते. महिन्याचा किराणा साठवायला कोठीची खोली नसते, मुलांना खेळायला अंगण नसते, पाहुण्यांना निवांत बसायला दुसरी खोली नसते. ही सगळी कामे रस्ता, दुकान, वाचनालय आणि देवळाचा कट्टा यांच्याकडून करून घ्यावी लागतात. घर जितके लहान, तितका त्याचा भार आजूबाजूच्या गावावर. म्हणून अशा घराचे मोल ठरवताना चार भिंतींइतकाच विचार त्यांच्याबाहेरच्या अर्ध्या किलोमीटरचाही करावा लागतो. भाडे ठरवताना मात्र तो क्वचितच होतो.

इगतपुरी चालत फिरण्याजोगे झाले ते थळ ऊर्फ कसारा घाटाच्या चढामुळे. कोणा नगररचनाकाराने तसा आराखडा काढला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कसाऱ्याहून घाट चढून 1865 साली इगतपुरीला पोहोचला. या घाटात दर 37 फुटांना एक फूट चढ आहे. इतक्या चढावर गाडी एका इंजिनाच्या जोरावर निघत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लावायची आणि वर इगतपुरीत ती सोडायची, ही पद्धत रूढ झाली. पुढे विजेची इंजिने आली. मुंबईकडचा वीजपुरवठा डीसी आणि इगतपुरीपुढचा एसी, असा भेद बरीच वर्षे राहिला आणि तेवढ्यासाठीही गाड्या इथे इंजिन बदलायला थांबत. गाड्या थांबल्या म्हणून शेड आली, शेड आली म्हणून ड्रायव्हर, गार्ड, फिटर आणि खलाशी आले, आणि त्यांच्यासाठी क्वार्टर व रनिंग रूम उभ्या राहिल्या.

रेल्वेच्या नोकरीत घर कुठे असावे हे हौसेवर सोडलेले नसते. रात्री दोनला मालगाडी निघायची असेल तर तिच्या ड्रायव्हरला उठवायला कॉल बॉय वही घेऊन दारात येई आणि सही घेऊन पुढच्या दाराकडे जाई. त्याला पायी किंवा सायकलवर गाठता येतील इतक्याच टापूत माणसांनी राहायचे, हा त्या व्यवस्थेचा अलिखित नकाशा होता. त्याच टापूत मग खानावळ, न्हाव्याचे दुकान, शिंपी, पिठाची गिरणी आणि दारूचा गुत्ताही आला. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशा इमारतींनी बाजारपेठ भरली. 2011 च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव आजही जुन्या भागात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत पार करता येते. याचे श्रेय त्या वहीला आणि त्या चढाला आहे. कॉल आता मोबाईलवर येतो. कामगाराने शेडजवळच राहावे, ही सक्ती त्यामुळे सैल झाली, आणि गावाला गोळा करून ठेवणारी एक दोरी सुटली.

चालण्याजोगा परिसर म्हणजे काय, याची मोजमापे जगभर जवळपास सारखी आहेत. धडधाकट माणूस तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत साधारण चारशे मीटर. रोजच्या वस्तूंसाठी माणूस एवढे अंतर सहज चालतो. स्टेशन किंवा शाळेसाठी तो याच्या दुप्पट चालायला तयार असतो, आणि त्यापुढे वाहनाचा विचार सुरू होतो. अमेरिकन नियोजनकार क्लॅरन्स पेरी याने 1929 मध्ये शेजारवस्तीची कल्पना मांडली. तिच्या मध्यभागी प्राथमिक शाळा होती आणि मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, ही अट होती. अलीकडे पॅरिसमुळे गाजलेली पंधरा मिनिटांच्या शहराची कल्पना त्याच वळणाची आहे. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतात. इतकी रुंदी पुण्या-मुंबईतही जागोजाग तुटते, तिथे इगतपुरीच्या बाजारपेठेकडून तिची अपेक्षा कोणी करत नाही.

ही मोजमापे कोरड्या हवेतली आहेत. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, घाटाच्या माथ्यावर वसले आहे आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलते. पन्नास किलोमीटरवरच्या नाशिक शहरात याच्या एक-तृतीयांशही पाऊस पडत नाही. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जानेवारीत दहा मिनिटांचे असलेले अंतर जुलैत दहा मिनिटांचे राहत नाही. वारा आडवा असतो, छत्री उलटते, धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा उशिरा दिसतो. गटाराच्या ज्या झाकणाचा कोपरा उन्हाळ्यात फक्त खटकतो, तो पावसाळ्यात पाण्याखाली जातो, आणि रोज जाणाऱ्याला तो कुठे आहे हे पाठ असावे लागते. शेवाळलेली फरशी, पन्हळीतून रस्त्याच्या मधोमध पडणारी धार, खड्ड्यातले पाणी अंगावर उडवून जाणारी जीप, या सगळ्यांतून वाट काढत स्टेशनात पोहोचलेल्या माणसाला गाडीत बसण्याआधी पँट घोट्यापर्यंत पिळावी लागते. म्हणून इथे अंतर मीटरमध्ये सांगून भागत नाही. वाटेत किती दुकानांच्या पुढे पत्र्याची पडवी आहे, दिवे किती आहेत, रूळ ओलांडायला कुठून वळसा घालावा लागतो, हेही सांगावे लागते. सातशे मीटरची आडोशाची वाट तीनशे मीटरच्या उघड्या वाटेपेक्षा जवळची असते.

अंतर आणि भाडे यांचा संबंध अर्थशास्त्राने फार पूर्वी दाखवला आहे. विल्यम अलोन्सो याने 1964 मध्ये मांडलेला सिद्धांत असा, की शहराच्या केंद्रापासून दूर जावे तसे जागेचे भाडे उतरते आणि प्रवासाचा खर्च चढतो, आणि प्रत्येक कुटुंब या दोहोंचा आपल्यापुरता मेळ घालते. शिकागोतल्या एका संस्थेने याच विचारावर घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत बसवली. नुसते घरभाडे उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसते का, एवढे पाहून ती थांबत नाही, घर व प्रवास मिळून 45 टक्क्यांत बसतात का, हे पाहते. मराठी मध्यमवर्ग हा हिशेब मनातल्या मनात करतो खरा, पण अर्धवट करतो. भाडे दरमहा एकरकमी जाते म्हणून डोळ्यांत भरते. पेट्रोल शंभर-दोनशे रुपयांनी भरले जाते आणि विसरले जाते.

उदाहरणासाठी गोल आकडे घेता येतील. समजा, बाजारपेठेजवळच्या वन बीएचकेचे भाडे आठ हजार आणि महामार्गालगत पाच किलोमीटरवरच्या तशाच घराचे साडेसहा हजार. दरमहा दीड हजार वाचले. रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 260 किलोमीटर झाले. स्कूटरला सहाशेच्या आसपास पेट्रोल आणि विमा-सर्व्हिसिंगचे पाचशे धरले तर अकराशे होतात. स्कूटर लाखाच्या कर्जावर घेतली असेल तर तीन वर्षे सुमारे बत्तीसशेचा हप्ता वेगळा. हप्ता फिटल्यावर मात्र लांबचे घर चारशे रुपयांनी स्वस्त पडते, हे मान्य केले पाहिजे. एकटा राहणारा, स्वतःची दुचाकी असलेला तरुण लांब राहतो यात त्याचा हिशेब चुकत नाही. हिशेब फिरतो तो घरात दुसरे माणूस आले की. तिला किंवा त्याला शेअर रिक्षाचे एका वेळचे वीस रुपये धरले तरी महिन्याला हजाराच्या वर जातात, आणि वाचलेल्या दीड हजारांवर पाणी पडते.

एका बेडरूमच्या घरात एकटा माणूस किंवा नवरा-बायको आणि एखादे लहान मूल राहते. अशा घरात बहुधा एकच वाहन असते आणि सकाळी ते एकजण घेऊन जातो. मागे राहिलेल्या माणसाच्या फेऱ्या सरळ रेषेच्या नसतात. मुलाला बालवाडीत सोडायचे, येताना भाजी घ्यायची, मध्येच सिलिंडरवाल्याला फोन करून घरी परतायचे, दुपारी औषध आणायचे, संध्याकाळी दळण टाकायचे, असा तो दिवस असतो आणि बहुतेक घरांत तो बाईचा असतो. चालण्याच्या अंतरावरच्या घरात ही कामे एकमेकांत गुंफून होतात. महामार्गालगतच्या घरात त्यातल्या प्रत्येक कामाला रिक्षा लागते, नाहीतर संध्याकाळी स्कूटर परत येईपर्यंत थांबावे लागते. भाडे नवऱ्याच्या नोकरीच्या अंतरावरून ठरवणारी कुटुंबे हा खर्च घरातल्याच एका माणसाच्या वेळेत भरतात.

नवे बांधकाम जुन्या गावाच्या विरुद्ध दिशेने चालले आहे. मुंबई-नाशिक महामार्ग होताच. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. भरवीर ते इगतपुरी हा टप्पा मार्च 2024 मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला. घाटाच्या पोटातून गेलेल्या सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाची वळणे चुकवता येऊ लागली. मुंबईची गाडी इगतपुरीत लवकर पोहोचते, त्यामुळे डोंगराच्या देखाव्याची सेकंड होम आणि व्हिलाचे प्लॉट यांना गिऱ्हाईक वाढले. जाहिरातीत मुंबईपासूनचे अंतर तासांत लिहिलेले असते. किराणा दुकानाचे अंतर लिहिण्याचे कारण नसते, कारण येणारा सामान डिकीत भरून आणतो.

सेकंड होम घेणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण ज्या इमारतीतली बहुतेक घरे सोमवार ते शुक्रवार बंद असतात, तिच्या खाली दूधवाला आणि वाणी तग धरू शकत नाहीत. दुकानाला रोजचे, पायी येणारे गिऱ्हाईक लागते, आणि ते नसले की उरलेल्या दोन-चार कायम राहणाऱ्या कुटुंबांनाही वाहन घेऊन बाजार गाठावा लागतो. शिवाय शनिवार-रविवारी पर्यटकाला देण्याची सोय झाली की मालकाला महिन्याच्या भाडेकरूचे आकर्षण उरत नाही. पावसाळी पर्यटनाच्या हंगामात काही शनिवार-रविवार चांगले गेले की भाडेकरूच्या कटकटीविना तेवढी मिळकत होते.

बांधकामाचे नियमही हातभार लावतात. राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 अखेरीपासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात घराच्या आकाराप्रमाणे पार्किंग द्यावे लागते. लहान प्लॉटवर ते देण्याचा सोपा मार्ग म्हणजे तळमजला खांबांवर मोकळा सोडणे. ज्या जागी जुन्या बाजारपेठेत शिंपी बसतो, त्या जागी नव्या इमारतीत मोटारसायकली उभ्या राहतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अशा दहा इमारती झाल्या की चालणाऱ्याला पाहण्यासारखे, विकत घेण्यासारखे किंवा पावसात आडोसा घेण्यासारखे काही उरत नाही. वाहन नसलेल्या भाडेकरूच्या भाड्यातही त्या पार्किंगची किंमत मिसळलेली असतेच.

मग सगळे भाडेकरू बाजारपेठेतच का राहत नाहीत? एक कारण घरांची अवस्था. बाजारपेठेतल्या जुन्या खोल्यांत पश्चिमेची भिंत जुलैत घाम फुटल्यासारखी ओलावते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो, जिना अरुंद असतो आणि पहाटे मालाचे टेम्पो दारातच उतरतात. शेजारी धरणे असूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण या तालुक्याला नवी नाही, आणि जुन्या इमारतींत साठवणीची टाकी लहान असते. नव्या इमारतीत लिफ्ट, मोठी टाकी आणि कोरडी भिंत मिळते. हे आक्षेप खरे आहेत, पण त्यांतले बहुतेक दुरुस्तीने सुटणारे आहेत. अंतर दुरुस्त करता येत नाही.

दुसरे कारण कुलपांचे आहे, आणि ते कायद्याच्या इतिहासात दडले आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे 1940 च्या पातळीशी बांधले. युद्धकाळातल्या आणि फाळणीच्या काळातल्या टंचाईत ते समजण्यासारखे होते, पण तात्पुरते म्हणून आलेले बंधन पन्नास वर्षे टिकले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. घरमालकांनी त्यातून घेतलेला धडा एका ओळीचा होता: एकदा आत आलेला बाहेर जात नाही. कायदा कुठे लागू होता आणि कुठे नव्हता, यापेक्षा त्याची धास्ती दूरवर पसरली. रिकामा मजला भाड्याने देण्यापेक्षा बंद ठेवलेला बरा, हे शहाणपण गावोगावच्या जुन्या पेठांत रुजले. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. कुलूप लावून सोडून देण्याजोगी पिढीजात घरे जुन्या पेठांतच जास्त, म्हणून या धास्तीचा फटका नेमका चालण्याजोग्या वस्तीला बसला.

ही धास्ती आता शिळी झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ही जबाबदारी त्याच कायद्याने घरमालकावर टाकली. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज 1908 च्या नोंदणी कायद्यावरून आला. त्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही, अकरा महिन्यांची सवय तेवढी उरली आहे. खर्चही भीतीदायक नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे मानीव व्याज यांच्या पाव टक्का, नोंदणी फी नगरपालिका हद्दीत हजार रुपये आणि ग्रामीण भागात पाचशे. तरीही स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवणारे मालक आहेत, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे किती कापायचे, हा वाद त्या कागदावर सुटत नाही.

कायद्याने न सुटणारा भाग निवडीचा आहे. जुन्या पेठेत मालक बहुधा खालच्याच मजल्यावर राहतो. त्याला भाडेकरूइतकाच शेजारी हवा असतो, आणि शेजाऱ्याची परीक्षा आडनावापासून सुरू होते. मांसाहार चालणार नाही, बॅचलर नको, एकटी बाई नको, ही वाक्ये सौम्य आवाजात बोलली जातात. रेल्वेने ज्या गावात अनेक धर्मांची आणि भाषांची माणसे एकाच शेडमध्ये कामाला लावली, त्या गावातही ही चाळण लागते. बड्या प्रकल्पाचा विक्री प्रतिनिधी आडनावाकडे कानाडोळा करतो, कारण त्याला खोली भरायची असते. चालण्याच्या अंतरावरचे घर पैशापेक्षा ओळखीने मिळते, हा त्या घरांचा खरा दोष आहे, आणि पाझरणाऱ्या भिंतीपेक्षा तो मोठा आहे.

भाडेकरूंपैकी बदलीच्या नोकरीतल्या माणसांवर आणखी एक दडपण असते. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, अशी शासनाची अपेक्षा आणि घरभाडे भत्त्याशी जोडलेली अट आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या खेड्यांत भाड्याने देण्याजोगे घर मिळत नाही, म्हणून अनेकजण नाशिकहून ये-जा करतात आणि दरवर्षी त्यावरून ओरड होते. इगतपुरी किंवा शेजारच्या घोटीत, बस आणि काळी-पिवळीच्या थांब्याजवळ परवडणारी लहान घरे असली तर हा तिढा निम्मा सुटेल. शाळेपर्यंत चालत जाता आले नाही तरी थांब्यापर्यंत चालता यावे, एवढ्यावर ही माणसे राहायला तयार होतील. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईकडे पास काढून जाणाऱ्यांचेही असेच आहे. त्यांच्या दृष्टीने घराची जागा सकाळच्या गाडीच्या वेळेवरून ठरते, कारण चुकलेल्या गाडीनंतर कसाऱ्याची लोकल गाठायला घाट उतरावा लागतो.

घरमालक घर देतो, पण चालण्याची सोय नगरपरिषद देते, आणि तिच्या नावाने भाड्याची पावती कोणी फाडत नाही. गटारांची झाकणे बसवणे, बाजारपेठेतल्या पडव्या अतिक्रमण म्हणून सरसकट न तोडता त्यांची उंची आणि रांग एकसारखी करणे, स्टेशनकडे जाणाऱ्या दोन-तीन वाटांवर पहाटेच्या गाडीच्या वेळी दिवे चालू ठेवणे, ही कामे उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहेत. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. इगतपुरीला एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा चार महिने टिकणारी कोरडी वाट जास्त उपयोगी आहे. ती झाली तर बंद मजल्यांना भाडे येईल आणि नळपट्टी-घरपट्टीची थकबाकीही कमी होईल.

घर पाहण्याचा हंगाम मात्र भाडेकरूच्या विरुद्ध असतो. बदल्या आणि शाळाप्रवेश एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे घर वर्षातल्या कोरड्या महिन्यांत पाहिले जाते. भिंत नुकतीच रंगवलेली असते आणि रस्ता मोकळा असतो. जूनमध्ये सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार पुन्हा एप्रिलमध्ये संपतो, म्हणजे पुढचा भाडेकरूही तेच कोरडे घर पाहतो. जाणकार भाडेकरू म्हणून छताच्या कोपऱ्यातले पिवळे डाग, खिडकीच्या चौकटीखालचे फुगलेले प्लॅस्टर आणि जिन्यातल्या शेवाळाचा वाळलेला पापुद्रा पाहतो, खालच्या दुकानदाराला जुलैत पाणी कुठवर चढते ते विचारतो, आणि गळती निघाल्यास दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची, हे कलम सहीआधी करारात घालून घेतो.